हार्डी बंधू: शिडीवर चढण्याआधीची पाच वर्षं

स्वॉन्टन_सातारकर

मंडळी, गेल्या रविवारी भाचा आला होता. वय वर्षं बारा. आमच्या वेळी काय होतं हे दाखवायची खुमखुमी आली आणि त्याला १७ ऑक्टोबर १९९९ चा 'नो मर्सी'चा सामना लावून दिला. क्लीव्हलँड, मॅट आणि जेफ हे हार्डी बंधू विरुद्ध एज-ख्रिश्चन, डब्ल्यूडब्ल्यूएफ ह्या अमेरिकन कुस्ती कंपनीतला दोन जोड्यांमधला पहिलावहिला शिडीचा सामना. वर टांगलेली वस्तू शिडी चढून जो काढेल तो जिंकला. पोरगं आ वासून बघत होतं. संपल्यावर विचारतो, "मामा, ह्यांना हे शिकवलं कोणी?"

मी ठोकून दिलं, "कंपनीनं शिकवलं." रात्री शंका आली म्हणून जुन्या मुलाखती, जुने सामने उकरून काढले आणि स्वतःचीच लाज वाटली. पंचवीस वर्षं जेफ हार्डीचा भक्त म्हणून मिरवतोय आणि १९९९ च्या आधीचं मला काडीचं ठाऊक नव्हतं.

थोडक्यात: गाव कॅमेरॉन, नॉर्थ कॅरोलिना. वस्ती दोन-तीनशे. बाप तंबाखूची शेती करणारा. मॅट १९७४ चा, जेफ १९७७ चा. १९८६ मध्ये मेंदूच्या कर्करोगानं आई गेली, तेव्हा जेफ नऊ वर्षांचा. टीव्हीवर रँडी सॅव्हेज बघून पोरांनी घरामागे ट्रॅम्पोलीनवर स्वतःची 'फेडरेशन' काढली, नाव ट्रॅम्पोलीन रेसलिंग फेडरेशन. मे १९९४ मध्ये दोघं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या टीव्हीवर आले, पण हरायला! पैसे घेऊन मोठ्यांच्या हातून पडायचं, बास. तेव्हापासून १९९८ पर्यंत हेच. १९९८ मध्ये पक्का करार, १९९९ मध्ये जोडीच्या विजेतेपदाचा पट्टा, आणि मग ती शिडी.

माझा प्रश्न साधा आहे. ही जोडी घडली कुठे? घरामागे, पडण्याच्या त्या चार वर्षांत, की कंपनीच्या शाळेत? माझं मत पडण्याच्या बाजूनं. पण इथे जाणकार आहेत, जरा उलगडून सांगा.

---

निव्वळ_वाचक

पहिला नंबर. पॉपकॉर्न आणायला चाललोय.

---

लाल_माती_कोल्हापूर

प्रश्नच चुकीचा. ठरवून केलेली कुस्ती ती नुरा कुस्ती. तिला 'घडणं' म्हणत नाहीत, तालीम म्हणतात. नाटकातली तालीम हो, आमच्यातली नव्हे. शिडी कसली आणता कुस्तीत? उद्या टेबल आणाल.

---

पत्तेबाज

आबा, टेबल पण आणलं त्यांनी. जानेवारी २०००, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, डडली बॉईज ह्या जोडीविरुद्ध. तुम्ही गमतीत बोललात आणि खरं निघालं. 😂

आमच्या आठवणीतले हार्डी म्हणजे ट्रम्प कार्ड, कुस्तीगीरांचे फोटो आणि आकडे छापलेले पत्ते. शाळेच्या मागच्या बाकावर. ज्याच्या हातात जेफ आला त्याचं तोंड पडायचं. वजन कमी, छाती कमी, बायसेप्स विचारूच नका. अवाढव्य बिग शोचं एक पान आलं की जेफ गेला. टीव्हीवर तोच आवडायचा, पत्त्यात नकोसा. मी तर जेफचं पान कंपासपेटीत वेगळंच ठेवायचो, खेळायचोच नाही. पान हरायला नको म्हणून.

---

केफेब_काका

@सातारकर, चांगला विषय. मूळ लेखात दोन गोष्टी राहिल्या, त्या आधी टाकतो.

एक, मे १९९४ मध्ये जेफ सोळा वर्षांचा होता. वय अठरा सांगून आत शिरला. नावही स्वतःचं नव्हतं, 'कीथ डेव्हिस' म्हणून उतरला. समोर कोण? रेझर रॅमन. साडेसहा फुटांचा गडी. आता गंमत बघा. त्याच्या दोनच महिने आधी, २० मार्च १९९४ ला, ह्याच रेझर रॅमननं रेसलमेनिया १० ह्या कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमात शॉन मायकल्सविरुद्ध शिडीचा सामना जिंकला होता. शिडीच्या सामन्याचं नाव घराघरांत गेलं ते त्या रात्री. म्हणजे जेफला पहिल्यांदा आपटलं ते शिडीवरून पट्टा काढणाऱ्या माणसानंच. पाच वर्षांनी त्याच शिडीवर पोरानं नाव कमावलं. हे कुणी लिहून दिलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून कापलं असतं.

दुसरं, मॅट. तो १९ वर्षांचा. २३ मे १९९४ च्या 'रॉ' ह्या कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमात निकोलाय वोल्कॉफनं त्याला हार मानायला लावली. मग पुढची दोन-तीन वर्षं यादी बघा: ओवेन हार्ट, हाकुशी, हंटर हर्स्ट हेल्मस्ली, आणि 'रिंगमास्टर' नावाचा एक नवा गडी. हा रिंगमास्टर म्हणजे पुढचा स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. पुढे ज्यांनी पूर्ण धंदा आपल्या खांद्यावर घेतला त्यांच्या हातून हा पोरगा आधीच पडून मोकळा झाला होता. आणि हो, खोट्या अंडरटेकरकडूनही हरला.

---

पत्तेबाज

थांबा थांबा. खोटा अंडरटेकर????

आमच्या शाळेत एक पोरगा शपथेवर सांगायचा की अंडरटेकर सात आहेत, एक मेला की दुसरा येतो. आम्ही त्याला वेड्यात काढायचो. काका, आता पंचवीस वर्षांनी त्याची माफी मागायची का?

---

केफेब_काका

सात नाहीत, दोन. १९९४ च्या उन्हाळ्यात कथानकच होतं ते. खरा अंडरटेकर गायब, ब्रायन ली नावाच्या कुस्तीगीराला त्याचे कपडे घालून उभा केला आणि समरस्लॅमला दोघांची लढत लावली. अर्धी माफी मागा.

---

टाकेटुके

मी कुस्ती बघत नाही, मुलगा बघायचा म्हणून थोडं कानावर. पण एक वाचलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं, की ह्या दोघांतला थोरला भाऊ कपडे शिवायचा. खरं आहे का?

---

केफेब_काका

ताई, शंभर टक्के खरं. १९९७ मध्ये दोघांनी थॉमस सिम्प्सन नावाच्या मित्राबरोबर स्वतःची छोटी कंपनी काढली, नाव 'ओमेगा'. तिथले कपडे मॅट स्वतः शिवायचा. आपलेच नव्हे, सगळ्यांचे. आणि रिंग? प्रत्येक कार्यक्रमाच्या गावी दोघं भाऊ ती उभी करायचे, रात्री पुन्हा खोलून ठेवायचे. आपल्याकडे जत्रेतले तंबूवाले करतात तसं. फक्त इथे तंबू ठोकणारा आणि तंबूत खेळ करणारा एकच.

त्याच ओमेगातून शॅनन मूर आला, ग्रेगरी हेल्म्स आला, ज्याला आपण 'हरिकेन' म्हणून ओळखतो. कुस्तीगीर लिटाही थोडा काळ तिथे होती. खेड्यातल्या पोरांनी चालवलेल्या आखाड्यातून इतकी माणसं वर गेली.

---

टाकेटुके

अहो, मग तुम्ही सगळे शिडीचं काय कौतुक करताय? ताणलं जाणारं कापड शिवणं म्हणजे काय ते करून बघा एकदा. साधी सुई लावली की टाके सुटतात. गोल टोकाची सुई लागते, सरळ शिलाई चालत नाही, नागमोडी घालावी लागते, नाहीतर माणूस वाकला की टरकन उसवतं. मी मुलाच्या स्नेहसंमेलनात चौदा पोरांचे माकडांचे पोशाख शिवले होते. पहिल्याच उडीत तीन माकडं उसवली. मुख्याध्यापिका पहिल्या रांगेत.

आणि हे तर उड्याच मारणार! ज्या मुलाला स्वतः शिवलेले कपडे घालून भर लोकांत उलटी उडी मारायचा विश्वास आहे, तो घडलेलाच आहे हो. माझं मत ओमेगाला.

---

निव्वळ_वाचक

तीन माकडं उसवली 😂😂 ताईंना पट्टा द्या.

---

अर्धवट_इंजिनिअर

मॅटबद्दल अजून एक भर. गडी अभ्यासात हुशार होता. शार्लटच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगला गेला, एका वर्षात सोडलं. वडील आजारी पडले म्हणून घरी परतला, नंतर जवळच्या कॉलेजातून दोन वर्षांची पदवी घेतली.

कल्पना करा, आपल्या घरी. "बाबा, मी इंजिनिअरिंग सोडतोय." "का रे?" "हरायचे पैसे मिळतात." माझ्या बाबांनी मला केटी लागली तेव्हा जे केलं त्यालाही तीन पंच लागले असते.

---

धुळ्याची_वाघीण

एवढा गोड गोड इतिहास नको. आई लहानपणी गेली, बाप शेतकरी, घरामागे ट्रॅम्पोलीन, मग यश. सिनेमावाल्यांची पटकथा झाली ही. हजारो पोरांनी घरामागे उड्या मारल्या असतील, त्यांचं काय झालं ते कोण सांगणार? आमच्या वाड्यात दोन भावांनी गादी टाकून हाच उद्योग केला, धाकट्याची कॉलरबोन मोडली. तो आज बँकेत आहे. त्याच्यावर कोणी धागा काढत नाही.

---

स्वॉन्टन_सातारकर

@वाघीण, मुद्दा मान्य. आईचा उल्लेख मी रडवायला केला नव्हता. पण वडिलांनी एकट्यानं दोघांना वाढवलं आणि तरीही पोरांना ह्या वेडापासून तोडलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. शाळेत जेफ फुटबॉल खेळायचा, मोटोक्रॉस चालवायचा. कुस्तीपायी शाळेतली हौशी कुस्तीही सोडावी लागली. असा पोरगा घरात असेल तर बापाची झोप उडते.

धाकट्याच्या कॉलरबोनवर धागा काढतो, आधी त्याची परवानगी आणा.

---

हाडवैद्य

व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडं तांत्रिक.

ट्रॅम्पोलीन आणि रिंग ह्या दोन अगदी वेगळ्या शाळा आहेत. ट्रॅम्पोलीनवर हवेत असताना आपण कुठे आहोत याचं भान येतं. डोकं कुठे, पाय कुठे, अजून किती फिरायचं बाकी आहे. ते दहाव्या वर्षी आलं तर अंगात मुरतं, पंचविसाव्या वर्षी शिकवून तसं येत नाही. जेफची स्वॉन्टन बॉम्ब ही उडी बघा. वरच्या दोरीवरून पुढे झेप, शेवटच्या क्षणी गिरकी, आणि पाठीचा वरचा भाग समोरच्यावर. हे भान घरामागचंच आहे, मला शंका नाही.

पण ट्रॅम्पोलीन पडायला शिकवत नाही. ते तुम्हाला परत वर फेकतं, म्हणजे चुकलं तरी माफ. रिंग माफ करत नाही. लोकांना वाटतं खाली गादी असते. खाली लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर पातळसं अस्तर आणि ताणलेलं कापड. तिथे हनुवटी छातीला लावून, पाठ सपाट ठेवून, धक्का सगळ्या अंगावर वाटून घ्यावा लागतो. हनुवटी लावायला विसरलात तर डोक्याचा मागचा भाग आधी टेकतो. ही सवय हजारदा पडूनच लागते.

तेव्हा @सातारकर, उड्या घरामागच्या, पडणं नोकरीतलं. दोन्ही लागलं. आणि @वाघीण म्हणतायत ते फार खरं. माझ्याकडे उड्या मारून आलेले बरेच येतात, त्यांतला एकही चॅम्पियन नाही.

---

लाल_माती_कोल्हापूर

वैद्यबुवा, हे बोललात ते पटलं. आमच्याकडेही वस्ताद नव्या पोराला महिनाभर डाव शिकवत नाहीत. माती खणायला लावतात आणि थोरल्यांच्या अंगाखाली घालतात. पडायला शिक आधी. मी आठवीत होतो तेव्हा ज्याच्या अंगाखाली पडायचो तो पुढे मोठा पैलवान झाला. नाव त्याचं झालं, बरगड्या माझ्या.

तरी पण. आमचं पडणं ठरलेलं नसायचं. दुसरा खरोखर पाडायचा.

---

केफेब_काका

आबा, इथे खरी गोम आहे. निकाल ठरलेला असतो, पडणं ठरलेलं असलं तरी खोटं नसतं. रेझर रॅमनचा शेवटचा डाव म्हणजे समोरच्याला खांद्यांवर पार वर उचलून पाठीवर फेकणं. सोळा वर्षांच्या पोरानं तिथे अंग चोरलं तर दोघांनाही इजा.

आणि ह्या लोकांना जे 'जॉबर' म्हणतात ना, त्यांचं काम नुसतं हरणं नसतं. समोरचा थोर दिसला पाहिजे हे त्यांचं काम. तीन मिनिटांत प्रेक्षकाला पटलं पाहिजे की हा माणूस धोकादायक आहे. पटलं की श्रेय त्याचं. हार्डी हे चार वर्षं करत होते. मधल्या काळात १९९६ पासून तर जोडीनं हरायला लागले, स्मोकिंग गन्सकडून वगैरे. नावंही बदलत राहिली. एका गावी मॅट 'सर्ज', दुसरीकडे दोघं 'जिंक्स ब्रदर्स'. ओमेगात जेफ मुखवटा घालून 'विलो द विस्प'. कोण कोण होऊन बघितलं आणि शेवटी स्वतःचं आडनाव घेऊन आले तेव्हा चालले.

---

केरीकर

नॉर्थ कॅरोलिनातून लिहितोय. इथे रालेच्या आसपास मराठी मंडळी भरपूर, गणपतीला हॉल पुरत नाही. आमच्या केरीपासून कॅमेरॉन गाडीनं तासाभरावर. दोन वर्षांपूर्वी सदर्न पाइन्सला जाताना मुद्दाम आत वळलो.

सांगायचं तर दाखवण्यासारखं काही नाही, आणि तेच बघण्यासारखं आहे. रेताड जमीन, पाईनची झाडं, जुन्या वस्तूंची दुकानं. बायको म्हणाली, "इथे काय आहे?" म्हटलं, "इथे दोन भाऊ होते." म्हणाली, "पुढे चल."

पण त्या शांततेत उभं राहिल्यावर कळलं की ह्या पोरांना स्वतःची कंपनी का काढावी लागली. दुसरं होतं काय करायला? ती ट्रॅम्पोलीनवरची मंडळी पुढे परगण्याच्या जत्रेत खेळ करायची. इथल्या जत्रा म्हणजे गुरांचं प्रदर्शन, पाळणे, तळलेलं खाणं. आणि मध्ये ही पोरं.

---

लाल_माती_कोल्हापूर

जत्रेत??

हे आधी का नाही सांगितलं कुणी. मग ही रेवडीवरची कुस्ती झाली की. आमच्याकडे जत्रेच्या फडात आधी बारकी पोरं सोडतात. रेवडीवर, नारळावर. हलगी वाजत असते, माणसं अजून बसायची असतात, कोणी बघतही नसतं. त्यातूनच कोणाला तरी कुणी तरी हेरतं, फेटा उडतो, वस्ताद विचारतो पोरगं कुणाचं. मी पण नारळावर धरली होती. नारळ जिंकून घरी आणला, आजीनं तो फोडून आमटीत घातला.

माझं पहिलं वाक्य मागे घेत नाही, पण जरा बाजूला ठेवतो.

---

धुळ्याची_वाघीण

आबा बाजूला सरकले. इतिहासात नोंद करा.

---

रॉक्सी_डोंबिवली

एज आणि ख्रिश्चन पण सख्खे भाऊच होते ना? म्हणजे दोन्हीकडे भाऊ-भाऊ, म्हणून तो सामना एवढा रंगला.

---

केफेब_काका

नाही. टीव्हीवर भाऊ म्हणून दाखवले, प्रत्यक्षात लहानपणचे दोस्त. ओंटारियोमधल्या ऑरेंजव्हिलचे. दोघंही १९७३ चे, एक ऑक्टोबरातला, एक नोव्हेंबरातला, एवढ्यावरूनच कळावं. 😀 डडली बॉईज तर त्याहून पुढचे. एक गोरा, एक काळा, आणि सांगणार सावत्र भाऊ. त्या तीन जोड्यांत खरे भाऊ फक्त हार्डी.

एजची सुरुवातही मजेशीर आहे. सतराव्या वर्षी टोरांटो स्टार वर्तमानपत्राच्या निबंध स्पर्धेत जिंकला, बक्षीस काय तर कुस्तीचं मोफत प्रशिक्षण. स्वीट डॅडी सिकी आणि रॉन हचिसन हे गुरू. म्हणजे एकीकडे शिवणयंत्र, दुसरीकडे निबंध.

---

अर्धवट_इंजिनिअर

'मी कुस्तीगीर झालो तर'. आम्ही आयुष्यभर 'मी पंतप्रधान झालो तर' लिहिलं आणि मिळालं काय, दहापैकी सहा.

---

पत्तेबाज

अवांतर: दारासिंग-किंगकाँगचं कोणीच काढलं नाही अजून? माझे आजोबा मुंबईत तिकीट काढून बघायचे.

---

लाल_माती_कोल्हापूर

दारासिंगचं वेगळं. १९६८ ला मुंबईत लू थेझला हरवलं. त्यावर इथे बोलायला लागलो तर रात्र जाईल आणि सातारकर रागावतील. दुसरा धागा काढा, मी येतो.

---

केरीकर

परत विषयावर. पहिल्या पट्ट्याची गोष्ट राहतेय. ५ जुलै १९९९ च्या 'रॉ'मध्ये हार्डींनी अकोलाइट्स ह्या जोडीकडून टॅग टीमचा पट्टा घेतला असं नोंदीत दिसतं. पण तो भाग आधीच चित्रित झाला होता, २९ जूनला, फेएटव्हिलमध्ये. फेएटव्हिल कॅमेरॉनपासून तासाभराच्या आत. म्हणजे जगानं आठवड्याभरानं बघितलं, गावच्यांनी आधी. जत्रेत ज्यांनी ह्या पोरांना बघितलं असेल त्यांतले किती त्या रात्री तिथे असतील!

पट्टा महिनाभरही टिकला नाही, २५ जुलैला अकोलाइट्सनी परत घेतला, तो भाग वेगळा.

---

स्वॉन्टन_सातारकर

वा! हे मला माहीत नव्हतं. आणि बघा, पट्टा गेला तरी नाव झालं ते तीन महिन्यांनंतर, ज्या सामन्यात पट्टा पणाला नव्हताच. पाच सामन्यांची मालिका, जिंकणाऱ्या जोडीला बक्षीस एक लाख डॉलर आणि टेरी ही मॅनेजर म्हणून. शिडीच्या वर उंच पैशांची पिशवी टांगलेली. हार्डी जिंकले, पण दुसऱ्या दिवशी 'रॉ'मध्ये लोकांनी चारही पोरांसाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या. जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांना सारख्याच.

आता मूळ प्रश्नाकडे या की राव. कंपनीच्या शाळेच्या बाजूनं कोणीच नाही का?

---

केफेब_काका

मी आहे थोडासा. १९९८ मध्ये करार झाल्यावर त्यांना डोरी फंक ज्युनियरकडे पाठवलं. फंक म्हणजे जुन्या पिढीतला विश्वविजेता. बरोबर कोण होतं? कर्ट अँगल, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकवाला. आणि ख्रिश्चन, ज्याच्याशी वर्षभरात शिडीवर गाठ पडणार होती. आबांच्या मातीतला माणूस आणि घरामागच्या ट्रॅम्पोलीनवरची पोरं एका वर्गात. उड्या त्यांना येत होत्या, पडणं येत होतं. नसेल येत तर थांबणं. कुठे श्वास घ्यायचा, कुठे प्रेक्षकाला घेऊ द्यायचा.

मग १९९९ मध्ये मायकल हेज मॅनेजर म्हणून दिला. फ्रीबर्ड्सवाला. तिघांच्या टोळीत कोणतेही दोघं पट्टा राखतील, ह्या नियमाला आजही 'फ्रीबर्ड रूल' म्हणतात. ज्यांनी जोडीची कुस्ती उभी केली त्यांतला एक माणूस कोपऱ्यात उभा.

आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. कॅरोलिना हा मुळात जोड्यांचा प्रदेश. जिम क्रॉकेटची कंपनी शार्लटची. ऐंशीच्या दशकात रॉक अँड रोल एक्स्प्रेस तिथे गर्दी खेचायची. एक भिडू मार खातोय, खातोय, हात लांब करतोय, दुसरा दोरी धरून तळमळतोय, आणि लोक ओरडतायत 'दे, हात दे'. ह्या पोरांनी वेगळं काय केलं? तीच गोष्ट शिडीवर नेली.

---

हाडवैद्य

हा मुद्दा आवडला. कारण मार खाणारा आणि वाट बघणारा ही दोन्ही कामं सख्ख्या भावांना शिकवावी लागत नाहीत.

---

टाकेटुके

मला दोन मुलगे आहेत. वैद्य म्हणतायत ते अगदी बरोबर. फक्त माझ्याकडे मार खाणारा आणि मार देणारा अशी वाटणी होती. वाट बघणारी मी.

---

धुळ्याची_वाघीण

मी सगळं वाचून मत देते. तुम्ही सगळे 'कुठे घडली' विचारताय. मला विचाराल तर चार वर्षं हरूनही दोघांनी एकमेकांना दोष न देणं, तिथे घडली. आमच्याकडे दोन भावांत ट्रॅक्टरवरून पाच वर्षं अबोला आहे.

---

अर्धवट_इंजिनिअर

ट्रॅक्टर कोणाकडे आहे पण?

---

धुळ्याची_वाघीण

तिसऱ्याकडे.

---

लाल_माती_कोल्हापूर

सातारकर, काल नातवाबरोबर बसून तो क्लीव्हलँडचा सामना बघितला. पूर्ण. दोनदा थांबवला, कारण मलाच बघवेना.

कुस्ती नाही ती. ह्यावर मी ठाम. पण एक बघितलं. शिडी कलली की तिघं-चौघं पोरं वेगवेगळ्या बाजूंनी पडतात, आणि पडल्यावर प्रत्येक जण आधी दुसरा कुठे पडला ते हळूच बघतो. कॅमेऱ्याला दिसत नाही असं त्यांना वाटत असेल. आमच्या फडातही चांगला पैलवान डाव मारल्यावर खालच्याच्या मानेखाली हात घालतो, मान मोडू नये म्हणून. हे शाळेत शिकवत नाहीत. कुणाच्या तरी अंगाखाली वर्षानुवर्षं पडलेल्या माणसालाच सुचतं ते. तेव्हा माझं मत तुमच्या बाजूनं धरा.

---

स्वॉन्टन_सातारकर

आबा, भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा सामना लावला आणि तेवढंच शोधत बसला. तीन वेळा सापडलं म्हणाला.

आता नवीन मागणी आली आहे, घरात ट्रॅम्पोलीन पाहिजे. बहिणीचा फोन मी उचलत नाहीये.

---

पत्तेबाज

त्याला म्हणावं ट्रॅम्पोलीन नको, माझ्याकडे जेफचं पान आहे अजून. कंपासपेटीसकट. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कर, पाठवतो. फक्त खेळू नको म्हणावं, बिग शो आला की जाईल.